गोल नव्हेत, गुण!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या क्रीडा पानावरचा लायोनेल कोनाकरवरचा लेख वाचला. शंभर वर्षांपूर्वीचा कॅनडाचा खेळाडू आपल्याकडे कुणाला आठवला, याचंच आधी अप्रूप वाटलं. पण '१९२१च्या ग्रे कप अंतिम सामन्यात कोनाकरने एकट्याने १५ गोल ठोकले' हे वाचलं आणि हातातला चहा गार झाला.

अहो, गोल नव्हेत, गुण! टोरंटो अर्गोनॉट्सने एडमंटनला २३-० असं हरवलं, त्यातले १५ गुण याचे. ग्रे कप म्हणजे कॅनेडियन फुटबॉलचं अजिंक्यपद, आणि त्या खेळात लांबट चेंडू काखोटीला मारून पळतात. चेंडू समोरच्या संघाच्या गोलरेषेपार नेला की टचडाउन; त्याला तेव्हा ५ गुण मिळत. शेजारच्या फोटोत गोल चेंडूला डोकं मारणारा गडी कोण, देव जाणे.

गोल काय, गुण काय, एवढं काय त्यात, असं म्हणाल. मला विचारा. १९७८ साली जिल्हा कबड्डीच्या उपांत्य सामन्यात मी १४ गुण मिळवले, शेवटच्या चढाईत दोन गडी टिपून. दुसऱ्या दिवशी एका दैनिकात छापून आलं, '१४ धावा'! वडील सायकल मारत त्यांच्या कचेरीत गेले. 'खेळाचीच बातमी आहे ना, लोक समजून घेतात,' असं सांगून त्यांची बोळवण झाली. घरी येऊन त्यांनी 'धावा'वर बॉलपेनने काट मारली आणि वर 'गुण' लिहिलं. कात्रण अजून आहे, शाई जांभळी पडलीय. गावातले दोस्त मात्र अजूनही 'काय रे चौदा धावा?' अशीच हाक मारतात.

कोनाकरच्या बाजूने सायकल मारत येणारं इथे कुणी नाही, म्हणून काहीही खपवायचं? सोळाव्या वर्षी पहिल्यांदा स्केट्स बांधून पुढे १९३४ आणि १९३५ असा लागोपाठ दोनदा आइस हॉकीचा स्टॅन्ले कप जिंकलेला हा माणूस. आपल्या लेखात मात्र हॉकीचा 'ह' नाही, आणि बाकी आयुष्य 'राजकारणातही चमकला' एवढ्यात उरकलंय. तो खासदार होता हो! २६ मे १९५४ रोजी ओटावात, संसदेच्या हिरवळीवर सॉफ्टबॉल खेळताना तिसऱ्या बेसवर पोचला आणि कोसळला, तो गेलाच. समोरचा संघ पत्रकारांचा होता, हे मुद्दाम कळवतो.

दुरुस्ती छापावी ही नम्र विनंती. त्याच पानावर छापा, निविदा सूचनांच्या खाली नको. आणि हो, रविवारच्या शब्दकोड्याची उत्तरं दोन आठवडे आलेली नाहीत. १७ आडव्यावरून आमच्या घरी अबोला आहे.

क. लो. अ.
एक जुना वर्गणीदार

(सोबत : कात्रणाची झेरॉक्स)