पहिल्या शंभर गिऱ्हाइकांची वही

ती. आई-बाबांस,
सा. न.

परवा फोनवर तुमच्या कपडे दुरुस्तीच्या नव्या कामाला गिऱ्हाइकं कशी मिळवायची हा विषय निघाला, तेव्हा आई म्हणाली, "या वयात मी लोकांना सांगत फिरू का? काम चांगलं असेल तर येतील आपोआप." ते वाक्य दोन दिवस मनातून जाईना. तेव्हाच बोलले असते तर वाद झाला असता आणि बाबांनी हळूच विषय बदलला असता. म्हणून लिहायला बसले.

आई, माझा शाळेचा गणवेश तू तीन वर्षं पुरवलास. दरवर्षी उंची वाढवलीस आणि आधीच्या शिवणीची खूण कधी कुणाला दिसली नाही. तुझ्या हाताबद्दल मला शंका येणंच शक्य नाही. पण चांगलं काम कळतं ते ज्याच्या हाती पडलं त्यालाच. चेन बिघडली म्हणून चांगली पँट कपाटात टाकून दिलेली माणसं तुमच्या आसपासच राहतात. ती कुणाकडे न्यावी हे त्यांना ठाऊक नाही. त्यांना तुझ्याबद्दल कळलं तर त्यांची अडचण सुटेल. तू कुणापुढे हात पसरत नाहीयेस, हे आधी मनाशी पक्कं कर. बाकी सगळं त्यानंतर सोपं आहे.

बाबा, दोन हजार पत्रकं वाटून दोनच फोन आले, याचं तुम्हाला किती वाईट वाटलंय ते मला आईकडून कळलं. मी ते पत्रक पुन्हा वाचलं. 'शिलाईची सर्व प्रकारची कामे केली जातील' असं त्यात आहे. हे वाचून कुणालाही स्वतःची पँट आठवत नाही. 'चेन बदलून मिळेल, उंची कमी करून मिळेल, उसवलेली शिवण घालून मिळेल. आज द्या, परवा न्या' असं असतं, तर चार जणांनी तरी कपाट उघडून पाहिलं असतं. आई काय काय शिवू शकते ते सगळं सांगायचा मोह मला कळतो, पण लोक स्वतःची एक अडचण घेऊन येतात. तिचं नाव त्यांना दिसायला हवं.

दुसरं असं, की पत्रक ज्या दिवशी हातात पडतं त्याच दिवशी कपडा उसवलेला असेल असं नाही. गरज महिन्याभराने लागते आणि तोवर पत्रक रद्दीत गेलेलं असतं. म्हणून नव्या माणसाने पहिला पैसा रोज दिसेल अशा गोष्टीवर घालावा, असं माझं मत आहे. रॉबर्ट झायॉन्क नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली दाखवून दिलं, की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा नजरेस पडली तरी माणसाला ती जवळची वाटू लागते. तुमच्याकडे रोज दिसणारी गोष्ट म्हणजे दारावरची पाटी. तिच्यावर नाव मोठं आहे आणि काम बारीक अक्षरात. ते उलट करून घ्या. पाट्या रंगवणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे: वाचणारा जितका लांब, त्यातल्या दर दहा फुटांमागे अक्षराची उंची साधारण एक इंच. रस्त्याच्या पलीकडच्या कडेवरून चाळीस फूट भरत असतील तर चार इंचांची अक्षरं हवीत. काम, वेळ आणि फोन नंबर, एवढंच लिहा. बाबा, एकदा टेप घेऊन मोजाल?

आता आईला लागलेली गोष्ट. सगळ्या नातेवाइकांना मेसेज पाठवला, सगळ्यांनी अभिनंदन केलं आणि एकानेही कपडा आणला नाही. आई, त्यांच्यावर रागावू नकोस. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक निबंध लिहिला. लोकांना नोकरीची खबर कुणाकडून मिळाली हे त्याने विचारलं होतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्या बहुतेकांना ती खबर रोज भेटणाऱ्यांकडून मिळाली नव्हती, ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून मिळाली होती. कारण साधं आहे. जवळची माणसं एकमेकांनाच ओळखतात, त्यामुळे बातमी त्याच घोळक्यात फिरत राहते. दूरच्या ओळखीची माणसं तिला बाहेर नेतात.

तेव्हा पुढची यादी नात्यातली नको. बाबांना सकाळी फिरायला जाताना भेटणारे लोक, वाचनालयातले लोक, आईच्या जुन्या नोकरीतल्या सहकारी. आणि यांच्याही आधी दोन ठिकाणं, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. एक, लाँड्री. उसवलेली शिवण आणि निखळलेलं बटण गिऱ्हाइकाच्याही आधी लाँड्रीवाल्याला दिसतं. दुसरं, तयार कपड्यांचं दुकान. तिथे विकल्या जाणाऱ्या कितीतरी पँटी लांब असतात आणि 'उंची कुठे कमी करून मिळेल?' हा प्रश्न तिथल्या माणसाला रोज ऐकावा लागतो. त्याला उत्तर देता आलं तर त्याचंही गिऱ्हाईक खूश होतं. आईने स्वतः जावं, आपण केलेलं एखादं काम सोबत न्यावं आणि त्यांचा एक कपडा मोफत करून द्यावा. हात पाहिल्याशिवाय कुणी आपलं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवत नाही, आणि पाठवूही नये. मग त्यांनी पाठवलेलं पहिलं काम ठरल्या दिवसाच्या आधीच तयार ठेवा. इथे झालेली चूक त्यांच्या नावावर जाते, म्हणून ही कामं जपून करा.

आणि ही सुरुवातीची सूट. पहिला महिना निम्म्या दरात काम करायचं कुणीतरी सुचवलंय म्हणे. माझं ऐकाल तर करू नका. निम्म्या दरासाठी आलेला माणूस पुढच्या महिन्यात पूर्ण दर ऐकून वळतो आणि 'यांनी भाव वाढवला' असं सांगत फिरतो. त्यापेक्षा पूर्ण दर घ्या आणि पदरचं थोडं जास्त द्या. चेन बदलायला आलेल्या पँटचं सैल बटणही घट्ट करून द्या, आणि तसं सांगा. ते तो घरी जाऊन चौघांना सांगेल.

फोनवर 'गूगलवर पहिल्या नंबरला आणून देतो' म्हणणाऱ्या माणसाला पैसे देऊ नका. गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलवर शोधल्यावर दिसणारं आपल्या कामाच्या माहितीचं पान, फुकट असतं, आणि पैसे देऊन तिथे वर जाता येत नाही असं गूगल स्वतःच सांगतं. शोधणाऱ्याला जे हवं ते तुमच्याकडे आहे का, तुम्ही त्याच्यापासून किती लांब आहात आणि तुमचं नाव किती झालंय, यावर ते ठरतं. अंतर आपल्या हातात नाही. कामांची नावं, वेळ आणि फोटो नीट भरणं आपल्या हातात आहे. प्रोफाइल मी काढून देते. लोकांचे अभिप्राय मात्र तुम्हालाच मागावे लागतील. कपडा घालून बघून माणूस आरशात हसतो, तो क्षण मागायचा. त्या बदल्यात सूट द्यायची नाही, गूगलच्या नियमात ते बसत नाही. आणि काम न करून घेतलेल्या भाचरांकडूनही लिहून घ्यायचं नाही. असं खोटं कौतुक वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं.

अभिप्रायाचं पान उघडणारा क्यूआर कोड टेबलावर लावू. बाबा, तुम्हाला आवडेल म्हणून सांगते: हे चौकोन १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीने गाड्यांच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला काढले होते.

व्हॉट्सअॅपचं २०१८ पासून व्यवसायासाठी वेगळं अॅप आहे, तेही फुकट. नवा नंबर घेऊन त्यावर ते सुरू करू, म्हणजे आईच्या फोनवर रात्री कुणी 'झाला का कपडा?' विचारणार नाही. एक लक्षात ठेवा, एकगठ्ठा पाठवलेला ब्रॉडकास्ट मेसेज फक्त ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. म्हणून पावती देतानाच सेव्ह करायला सांगायचं. आणि महिन्यातून एकाहून जास्त मेसेज नको.

बाबा, आता तुमचं काम. तुमच्याइतकी नेटकी वही मी कुणाची पाहिली नाही. एक नवी वही घ्या आणि रकाने आखा: तारीख, नाव, काम, आपल्याबद्दल कुठून कळलं, पुन्हा आले का. चौथा रकाना कधीही मोकळा सोडू नका. नवा माणूस आला की तुम्ही स्वतः विचारा, तुम्हाला ते फार सहज जमतं. शंभर नावं झाली की मोजा. समजा, चाळीस लाँड्रीतून आले आणि पत्रकातून तीन, तर पुढचा पैसा आणि वेळ कुठे घालायचा ते वहीच सांगेल. शेवटचा रकाना मला जास्त मोलाचा वाटतो. दुसऱ्यांदा आलेल्या माणसाला शोधायला आपल्याला काहीच खर्च आलेला नसतो. म्हणून कपडा नेल्यावर आठ दिवसांनी आईने एक फोन करावा, 'शिवण नीट बसली ना?' एवढंच विचारायला. कुणी तक्रार केली तर लगेच परत घ्या आणि मोफत नीट करून द्या. पहिल्या शंभरात असा एकही माणूस नाराज जाऊ देऊ नका.

रविवारी सकाळच्या गाडीने येतेय. खिडकीपाशी चांगला उजेड असतो, तिथेच फोटो काढू. आई, हातातली दोन-तीन कामं तेवढी तशीच ठेव, उसवलेल्या कपड्याचा आधी फोटो काढायचाय. आणि ती कुणाची आहेत त्यांना फोटो काढले तर चालेल ना, हे विचारून ठेव.

तुमची,
लेक