गेल्या वर्षीचा दाखला, यंदाची फी

महोदय,

शहरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात २६ वर्षं मी शिष्यवृत्तीच्या खिडकीआड बसलो; मागच्या उन्हाळ्यात निवृत्त झालो. पोराला मदतीची गरज आहे की नाही हे महाविद्यालय ठरवतं, असं पालकांना वाटतं. आम्ही काहीच ठरवत नाही. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला म्हणेल ते खरं. खुल्या प्रवर्गातल्या मुलाला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं, त्याला मर्यादा ८ लाखांची. अनुसूचित जातीच्या मुलाला भारत सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी अडीच लाखांची. खुल्या प्रवर्गातल्या मुलाला रेषेच्या पलीकडे भोपळा.

निवृत्तीआधीच्या हिवाळ्यात हुडकेश्वरचा एक मुलगा आला. मेकॅनिकल, तिसरं वर्ष. वडील बुटीबोरीला एका कारखान्यात सुपरवायझर. जूनमध्ये त्यांना लकवा मारला, ऑगस्टपासून बिनपगारी. पोराच्या हातात औषधाच्या दुकानाची पिशवी. तीत डिस्चार्ज कार्ड, बिलं आणि सगळ्यात खाली वडिलांचा फॉर्म १६, म्हणजे कंपनीनं दिलेला वर्षाच्या पगाराचा दाखला. त्यावर ८ लाख १४ हजार. आधीची दोन वर्षं त्याला शिष्यवृत्ती मिळाली होती. या खेपेला ओव्हरटाइमनं घात केला. "सर, हे मागच्या वर्षीचं आहे. आता घरात फक्त आईच्या शिलाईचे पैसे येतात." मी म्हटलं, बाबा, अर्जात त्याला रकाना नाही. त्यानं एकेक बिल घडी करून परत पिशवीत ठेवलं.

त्याच आठवड्यात सीताबर्डीवर चालतं दुकान असलेल्या एका गृहस्थांनी मुलासाठी सव्वा लाखाचा दाखला आणून दिला. बाहेर गाडी उभी होती, एसी चालू ठेवून. फॉर्म १६ नसला की स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्याचा अहवाल, झालं काम. नोकरदाराचा मात्र रुपयान् रुपया दिसतो. दाखल्यावर सही-शिक्का होता. मी कारकून, काय बोलणार?

माझ्या मेव्हण्याची मुलगी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात याच कामाला आहे. तिथंही अर्जात जुनंच उत्पन्न धरतात, आपल्यापेक्षाही जुनं, दोन वर्षांपूर्वीचं. पण मधल्या काळात नोकरी गेली, मोठं आजारपण आलं, तर कागद तपासून महाविद्यालयाचा अधिकारी तो आकडा बदलू शकतो. कायद्यानंच त्याला तो अधिकार दिला आहे. तिथली फी आपल्याला नको, पण हा अधिकार हवा.

महाडीबीटीच्या, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळाच्या, अर्जात एक रकाना वाढवा: 'चालू वर्षात उत्पन्न घटलं आहे का?' सोबत पगारपत्रक, रजेचं पत्र, दवाखान्याचे कागद जोडायला सांगा. प्राचार्य, एक प्राध्यापक आणि समाजकल्याणचा एक माणूस महिन्यातून एकदा बसून ते पाहतील. खोटे कागद येतील म्हणणाऱ्यांनी एक आठवडा माझ्या जुन्या खुर्चीत बसून दाखवावं. खोटे आजही येतात. खऱ्यांनाच दार नाही.

त्या मुलाला प्राचार्यांनी तीन हप्ते पाडून दिले. पहिल्यासाठी आम्ही ऑफिसात वर्गणी काढली. मी खिडकी सोडली तेव्हा त्याचा तिसरा हप्ता बाकी होता.

एक निवृत्त वरिष्ठ लिपिक,
नागपूर