अण्णा, आजीचं नाव तुम्ही जपलंत

आदरणीय अण्णा,
साष्टांग नमस्कार.

परवा तुमच्या घरातून निघाले ती विश्रामबागपर्यंत बसमध्ये रडतच आले. तुमच्यासमोर तोंडातून शब्द फुटला नाही, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

आजी सांगायची, 1957 ला मी सांगलीच्या जुन्या गावभागात मत टाकलं. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का नसायचा. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर चिन्ह, आणि आपल्या माणसाच्या पेटीत कागद सोडायचा. घरात कुणालाच ते खरं वाटायचं नाही. ती गेली आणि मी सांगली विधानसभा मतदारसंघाचा इतिहास लिहायला घेतला, तो तिच्या त्या एका मतासाठी.

मग त्या वेळची मतदारयादी शोधायचे हेलपाटे सुरू झाले. एका कार्यालयात सांगितलं, "तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता, साताऱ्याला जा." साताऱ्यात म्हणाले, "सांगलीचं सांगलीत बघा." सहा महिने गेले. बसा म्हणायचंही कुणाला सुचलं नाही.

तुम्ही पायरीवरच विचारलंत, "चहा घेतलास का?" आणि मग एका दमात सगळं उलगडलंत. 1949 ला सातारा फोडून आपला दक्षिण सातारा झाला, सांगली हे नाव 1960 ला मिळालं. 1957 ला आपण द्विभाषिक मुंबई राज्यात होतो, विधानसभा 396 जागांची. संयुक्त महाराष्ट्राची लाट अशी, की कराडला तेव्हाचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणसुद्धा थोडक्यात निभावले. विश्रामबागेकडे तेव्हा एवढी वस्ती कुठली? आज 282 क्रमांकाच्या या मतदारसंघात गावभागाइतकंच उपनगरांचंही वजन आहे. 2009 च्या निवडणुकीपासून हद्दीही बदलल्या.

तुम्ही प्रेसमध्ये छपाईचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, जुळवणारे. मतदारयाद्यांची बाद झालेली मुद्रितं, म्हणजे तपासणीचे छापे, सगळे रद्दीत घालायचे, तुम्ही घरी आणलीत. "माणसांची नावं आहेत ती, रद्दीत कशी घालू?" 2019 च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा घरातलं धान्य खाली राहिलं आणि त्या याद्यांची ही ट्रंक आधी माडीवर गेली, असं काकू सांगत होत्या.

पण अण्णा, मला आठवत राहतं ते वेगळंच. तुम्ही हात धुतलेत, पंचाला पुसलेत, पिवळं पडलेलं पान उघडलंत आणि एका ओळीखाली फूटपट्टी ठेवलीत. नाव तुम्हाला आधीच सापडलं होतं, तरी वाचून दाखवलं नाहीत. म्हणालात, "तू वाच. तुझी आजी आहे." आणि पाणी आणायच्या निमित्ताने आत गेलात.

वय 22, स्त्री. पुढे तिचं स्वतःचं नाव. पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीतून वगळावी लागली होती, कारण त्यांनी नोंदवलं होतं फक्त अमक्याची बायको, तमक्याची आई. माझ्या आजीनं मात्र आपलं नाव सांगितलं होतं. मी त्यावर बोट ठेवून किती वेळ बसले कोण जाणे. तुम्ही तोवर बाहेर आला नाहीत.

रविवारी आईला घेऊन येते. तिलाही ती ओळ स्वतः वाचू द्या.

तुमची,
विश्रामबागची नात