वास गेला म्हणून गॅस गेला असं नसतं

मिरज, रविवार रात्र

चि. पल्लवीस,
अनेक आशीर्वाद.

दुपारी फोनवर मी ओरडलो. आई म्हणाली, पोर रात्रभर वॉर्डात उभी राहून आलेली, तिच्यावर कशाला आवाज चढवलात. खरं आहे. तू फोन ठेवलास त्याचा मला राग नाही. पण ठेवता ठेवता जे म्हणालीस, "बाबा, आता वास येत नाहीये, गेला तो," ते दुपारपासून डोक्यातून जात नाही. म्हणून लिहायला बसलो. आई याचे फोटो काढून तुला पाठवेल. वासाचं एकदाच लिहितो, मग बाकीचं.

वास गेला म्हणजे गॅस गेला असं नसतं, पलू. नाक दमतं. सांगलीला आत्या कारखान्याजवळ राहायची तेव्हा तू रिक्षातून उतरल्याबरोबर फ्रॉक नाकाला लावायचीस आणि आत्या विचारायची, "कसला गं वास?" मळीचा वास होता तिथेच होता, तिचं नाक सरावलं होतं. गॅस एजन्सीत २८ वर्षं मेकॅनिक होतो. कितीतरी घरांत मला दारातच वास यायचा आणि आतली माणसं सांगायची, काल येत होता, आज नाही. एका घरात टाकीच्या व्हॉल्व्हमधलं वायसर चिरलेलं होतं आणि आजी देवापुढे काडी ओढणार होत्या. मी बुटांसकट देवघरात शिरून त्यांचा हात धरला. त्यांना राग आला होता, नंतर रडल्या.

तुला सात वर्षांची असताना शिकवलं होतं, ओणवी हो, फरशीलगत वास घे. आपल्या टाकीतला गॅस हवेहून जड, तो पाण्यासारखा खाली पसरतो, मोरीत उतरतो. म्हणून आपण दार उघडून खालून हवा बाहेर काढतो. तिकडे इंग्लंडात, तुझ्या लीड्सच्या घरात पाइपातून येतो तो मिथेन, हवेहून हलका. तो वर छताशी जाऊन साचतो. तू घर तापवणाऱ्या त्या बॉयलरच्या कपाटाशी खाली वाकून वास घेतला असशील आणि "नाही येत" म्हणाली असशील, तर माझ्याच शिकवणीने तुला फसवलं. या विचाराने आज घास उतरला नाही. खिडकी उघडशील ती वरच्या झडपेसकट उघड.

साबणाचं पाणी आठवतं? रविवारी मी रेग्युलेटरच्या जोडावर फेस लावायचो आणि तू टाकीशी उकिडवी बसून बघायचीस. एकदा खरंच बुडबुडा आला आणि तू वाड्यात सगळ्यांना सांगत सुटलीस, "मी गळती पकडली!" तेव्हा वाटलं होतं ही पोर पुढे काहीतरी मोठं पकडणार. आता तू माणसांचे श्वास मोजतेस. चौकातल्या मेडिकलवाल्याला मी अजून तुझा गणवेशातला फोटो दाखवतो, त्याने चारदा पाहिलाय.

तो वास मुळात गॅसचा नसतोच, हे तुला कधी सांगितलं होतं का? ट्रेनिंगला आमच्या साहेबांनी सांगितलेलं मी विसरलो नाही. १८ मार्च १९३७. अमेरिकेत टेक्सासमध्ये न्यू लंडन नावाचं गाव. तिथल्या शाळेत वर्ग उबदार ठेवायला गॅस जाळायचे, आणि त्या गॅसला वास नव्हता. तो जमिनीखालच्या पोकळीत साचत राहिला. कार्यशाळेतल्या यंत्राची ठिणगी पडली आणि शाळा उडाली. जवळपास ३०० जीव गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर गॅसमध्ये मुद्दाम घाण वासाचं मर्कॅप्टन मिसळण्याचे कायदे झाले. म्हणून तो वास आला की मला ती मुलं आठवतात. कोणीतरी हाक मारतंय असं वाटतं.

आणि ती हाक मला आता ऐकू येत नाही. २०२१च्या आजारपणानंतर माझं नाक परत आलं नाही हे तू जाणतेस. शेगडीशी आई उभी राहून सांगते, येतोय की नाही. ज्या नाकावर घर चाललं ते असं गेलं, म्हणून तुझ्या "येत नाहीये"वर माझा विश्वास बसत नाही. त्यात तुझा दोष काही नाही.

दुसरं. हे तू मला नाही, आईला सांगितलंस. घरी असलं की डोकं धरतं, वॉर्डात गेल्यावर सुटतं. ते मला संध्याकाळी कळलं. याचा वासाशी संबंध नाही. बॉयलर नीट जळत नसेल, धुराडं तुंबलं असेल, तर कार्बन मोनॉक्साइड होतो आणि त्याला वासच नाही. नंदूच्या गॅस गिझरचं मी इथे लिहीत नाही, तुला सगळं माहीत आहे. तू आईला म्हणालीस, ऑक्सिमीटर ९८ दाखवतोय. मी लगेच खालच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, तो वायू रक्ताला चिकटतो आणि बोटावरच्या यंत्राला तो ऑक्सिजनच वाटतो. तू नर्स आहेस, हे माझ्याआधी तुला माहीत असणार. मग ९८ कशाला सांगितलंस गं? आम्हाला झोप लागावी म्हणून? तुझ्यासोबत राहणाऱ्या जिन्सीलाही मळमळतं का, विचार. दोघींना होत असेल तर ते नाइट ड्यूटीमुळे नाही. रक्त तपासून घे, तुझ्याच हॉस्पिटलात होईल.

बघ, परत आवाज चढला. माफ कर.

पण नंबर लिहितोच. ०८०० १११ ९९९. शिरीषने दिला, चोवीस तास लागतो, पैसे पडत नाहीत. फोन घराबाहेर उभं राहून करायचा. दिव्याचं बटण दाबायचं नाही, लावायला नाही आणि बंद करायलाही नाही. मीटरजवळचा दांडा पाइपला आडवा केला की गॅस बंद होतो. वास, डोकेदुखी दोन्ही सांग.

तुला भीती वाटते ती मला कळते. माणूस येईल, गॅस बंद करून जाईल, दुरुस्ती घरमालकावर, आणि जानेवारीत चार दिवस घर गार. घरमालक भला आहे, त्याला त्रास नको, असंही म्हणालीस. भला असेल तर वर्षाच्या तपासणीचा कागद हसत दाखवेल. तो भाडेकरूला द्यायचाच असतो, आणि बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणं २०२२पासून त्याच्यावर बंधनकारक आहे. तुमच्या स्वयंपाकघरात तो मला व्हिडिओत दिसला नाही. विजेचा हीटर घे, पैसे मी उद्या टाकतो. नको म्हणू नकोस. नाहीतर दोघी शिरीषकडे जा, त्याची बायको वाट बघतेय.

आईने मेतकूट आणि दाण्याची चटणी भरून ठेवली आहे, पार्सल मंगळवारी जाईल. तुझी पिवळी शालही घालतो आहे. ती आजीची आहे, धुवायला टाकू नकोस.

मघाशी तुझा "उठले" असा मेसेज आला तेव्हा हातातला पेला खाली ठेवला. आता इथे अकरा वाजलेत, तिकडे साडेपाच. ड्यूटीला निघण्याआधी त्या नंबरवर फोन कर आणि मग इकडे. मला नको, आईला कर. मी शेजारी बसून ऐकेन, मध्ये बोलणार नाही.

तुझा,
बाबा