शिट्टी बंद करायची तर आधी दुभाजक हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले चार महिने मी अमेरिकेत, टेक्सासमधील एका उपनगरात मुलीकडे मुक्कामाला आहे. इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातून निघालेला एक संदेश फिरत फिरत भुसावळच्या आमच्या निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांच्या गटावर पोहोचला आणि तिथून तो मलाच परत आला. ‘अमेरिकेत लोकांची झोप मोडते म्हणून रेल्वेच्या शिट्टीवर बंदी घालतात, आपल्याकडे मात्र सामान्य माणसाच्या झोपेची कोणाला पर्वा?’ असा त्याचा सूर आहे. ज्या गावावरून तो लिहिला गेला त्याच गावात मी सध्या राहत असल्याने आणि नोकरीची चौतीस वर्षे इंजिनाच्या कॅबमध्ये काढलेली असल्याने, त्या संदेशात जे अर्धे सांगितले आहे त्याचे उरलेले अर्धे आपल्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

मुलीच्या घरापासून रूळ जेमतेम तीनशे मीटरवर आहेत. या पट्ट्यात पाऊण मैलाच्या आत तीन फाटके लागतात आणि अनेक वर्षे तिथून गाड्या शिट्टी न वाजवता जात असत. मी इथे पोहोचण्याच्या पंधरा दिवस आधी शिट्ट्या पुन्हा सुरू झाल्या. दोन लांब, एक आखूड आणि पुन्हा एक लांब, असा इथला ठरलेला क्रम आहे. शेवटची लांब शिट्टी इंजिन फाटकावर येईपर्यंत चालू ठेवायची असते. फाटके इतकी जवळ आहेत की एकाचा क्रम संपतो न संपतो तोच दुसऱ्याचा सुरू होतो, आणि रात्री दोन-चाळीसच्या सुमारास जाणारी मालगाडी दीड-दोन मिनिटे एकसारखी ओरडत गेल्यासारखी वाटते. सात वर्षांची नात दचकून उठते. मला स्वतःला शिट्टीचा त्रास होत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत वाढलेल्या माणसाची झोप शिट्टीने नव्हे, तर गाडी वेळेवर आली नाही तर मोडते. पत्नीच्या मते हा माझ्या कानांचा दोष आहे.

आता कायद्याविषयी. अमेरिकेत फाटकाजवळ येताना शिट्टी वाजवणे हे चालकाच्या मर्जीवर सोडलेले नसून ते केंद्रीय नियमाने बंधनकारक आहे. फेडरल रेलरोड अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या केंद्रीय रेल्वे प्रशासनाचा हा नियम २००५ च्या जूनमध्ये लागू झाला. गाडी फाटकावर पोहोचण्याच्या किमान १५ आणि जास्तीत जास्त २० सेकंद आधी शिट्टी सुरू झाली पाहिजे, वेग ताशी ६० मैलांपेक्षा अधिक असल्यास पाव मैलापेक्षा जास्त अंतरावरून ती वाजवू नये आणि इंजिनाच्या पुढे १०० फुटांवर मोजला असता तिचा आवाज ९६ ते ११० डेसिबलच्या मध्ये असावा, असे त्यात नेमके ठरवून दिले आहे. आपल्याकडे निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे तीनशे मीटरवरची माणसे का वैतागतात ते कळते.

परंतु हा नियम आला कसा, हे त्या संदेशात नाही. फ्लोरिडा राज्यात १९८४ पासून फ्लोरिडा ईस्ट कोस्ट रेल्वेच्या मार्गावर रात्रीच्या शिट्ट्या बंद करण्याची मुभा स्थानिक संस्थांना मिळाली आणि अनेक शहरांनी ती घेतली. त्या फाटकांवर दिवे होते, अडसर होते, घंटा होत्या. फक्त शिट्टी नव्हती. पुढे हिशेब मांडला तेव्हा त्या फाटकांवरचे रात्रीचे अपघात १९५ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले, आणि १९९१ मध्ये केंद्र सरकारला तातडीचा आदेश काढून शिट्ट्या पुन्हा सुरू कराव्या लागल्या. त्यानंतर अपघातांचे प्रमाण पूर्वपदावर आले. १९९४ मध्ये तिथल्या संसदेने देशभरासाठी नियम करण्याची जबाबदारी रेल्वे प्रशासनावर टाकली. तो प्रत्यक्षात यायला आणखी अकरा वर्षे गेली. लोकांच्या झोपेची काळजी करणाऱ्या देशाने आधी लोकांना मरू दिले आणि मग मोजमाप केले, असे म्हटले तर ते कटू असले तरी खोटे नाही.

शिट्टी नसली की माणसे का मरतात, हे इथले फाटक पाहिल्याशिवाय आपल्याकडच्या वाचकाला चटकन उमगणार नाही. आपल्या फाटकाचा दांडा रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पडतो, शेजारी गेटमन असतो आणि फाटक सिग्नलशी जोडलेले असेल तर ते बंद होऊन कुलूप लागल्याखेरीज मला सिग्नल मिळतच नसे. इथे गेटमन नाही. गाडी रुळाच्या ठरावीक भागात शिरली की दिवे आपोआप लुकलुकू लागतात, दांडा खाली येतो, आणि गाडी पोहोचण्याच्या किमान २० सेकंद आधी ही सूचना मिळावी असा नियम आहे. परंतु दांडा फक्त येणाऱ्या वाहनाची बाजू अडवतो. समोरची, म्हणजे बाहेर पडण्याची बाजू मोकळीच राहते. ज्याला घाई आहे तो स्टिअरिंग डावीकडे वळवून समोरच्या मार्गिकेत शिरतो, रूळ ओलांडतो आणि पुन्हा उजवीकडे येतो. मी स्वतः एका दुपारी फाटकाजवळ उभा असताना एका पिकअप गाडीने हे अगदी सफाईने केलेले पाहिले. तिच्या मागच्या उघड्या भागात शिडी होती आणि ती रुळांवर आदळून वाजली. पुढच्या काही सेकंदांत मालगाडी आली. तिच्या चालकाच्या जागी मी असतो तर माझ्या हातात शिट्टीखेरीज काय होते? ताशी ५५ मैलांनी धावणारी अशी लांब मालगाडी थांबायला मैलभर किंवा त्याहून अधिक अंतर घेते.

म्हणूनच इथे शिट्टी नुसती बंद करता येत नाही. किमान अर्ध्या मैलाचा पट्टा ठरवावा लागतो, त्यातल्या प्रत्येक सार्वजनिक फाटकाला लुकलुकते दिवे आणि अडसर असावे लागतात, आणि शिट्टीअभावी वाढणारा धोका दुसऱ्या कशाने तरी भरून निघतो हे आकड्यांनी दाखवावे लागते. अडसर असलेल्या फाटकावरची शिट्टी काढली तर धोका ६६.८ टक्के वाढतो असे प्रशासन धरून चालते. ती तूट भरून काढण्याचे मान्य उपाय मोजकेच आहेत. फाटक कायमचे बंद करावे, चारही बाजू अडवणारे दांडे बसवावेत, रस्ता एकेरी करावा, किंवा फाटकाच्या दोन्ही अंगांना रस्त्याच्या मधोमध उंच दुभाजक बांधावा, म्हणजे त्या पिकअपवाल्याला समोरच्या मार्गिकेत शिरताच येणार नाही. दुभाजकाने टकरी ८० टक्क्यांनी कमी होतात असे धरले जाते, तर रस्त्यात ठोकलेल्या लवचीक खांबांनी ७५ टक्क्यांनी. यांतला दुभाजक चौबाजूंच्या दांड्यांच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडतो, त्यामुळे लहान शहरे तोच निवडतात. हा खर्च स्थानिक संस्था उचलते. अर्जही तीच करू शकते; नागरिक किंवा रेल्वे कंपनी करू शकत नाही.

इथे नेमके घोटाळा झाला तो या दुभाजकाचा. नियमानुसार तो फाटकाच्या दांड्यापासून किमान १०० फूट लांब असावा लागतो. जवळच चौक असेल तर ६० फुटांवर भागते, मात्र त्या ६० फुटांत कोणताही व्यापारी प्रवेशमार्ग येता कामा नये. चारपर्यंत घरांच्या खासगी वाटेला सूट आहे, गोदामाच्या वाटेला नाही. मधल्या फाटकापाशी दोन वर्षांपूर्वी एक गोदाम उभे राहिले आणि त्याच्या ट्रकांना वळता यावे म्हणून दुभाजकाचा शेवटचा भाग तोडण्यात आला. मी एका सकाळी पावले टाकून मोजले, तेव्हा उरलेला दुभाजक एकेचाळीस फुटांच्या आसपास भरला; तोडलेल्या टोकाशी काँक्रीटमधून लोखंडी सळ्या अजून बाहेर आलेल्या आहेत आणि कडेला ट्रकच्या टायरांचे काळे ओरखडे आहेत. ज्या खात्याने परवानगी दिली त्याला रेल्वेचा हा नियम ठाऊक नव्हता आणि ज्या खात्याला ठाऊक होता त्याला कोणी विचारले नाही. ही गोष्ट आपल्याला अपरिचित वाटू नये. दर काही वर्षांनी सर्व फाटके अजूनही नियमात बसतात असे लेखी कळवावे लागते, ते कळवण्याची वेळ आली तेव्हा अधिकाऱ्यांना खरे लिहावे लागले आणि एकोणीस फुटांच्या तुटवड्यापायी सगळ्या पट्ट्यातली शांतता गेली.

त्यावर नगर परिषदेच्या सभेत जी चर्चा झाली, ती मी मुलीबरोबर जाऊन ऐकली. प्रत्येक नागरिकाला बोलायला तीन मिनिटे मिळतात, आणि घंटा वाजली की सभ्यपणे थांबावे लागते. बहुतेकांचा राग रेल्वे कंपनीवर आणि चालकांवर होता. काही चालक मुद्दाम जास्त वेळ शिट्टी वाजवतात, असे एक बाई ध्वनिमुद्रण ऐकवून सांगत होत्या. पाहुणा असल्याने मी गप्प बसलो, परंतु जी शिट्टी न वाजवल्यास चालकाची नोकरी जाऊ शकते, तिच्याबद्दल त्याला दोष देण्यात काय हशील आहे? शेवटी एक वयस्क गृहस्थ उठले. त्यांनीही पूर्वी गाड्या चालवलेल्या होत्या. ‘माझ्या चाळीस वर्षांत तीन मोटारी माझ्या इंजिनाखाली आल्या, त्यातल्या दोघांचे चेहरे मला आठवतात, तुम्ही दुभाजक बांधा, शिट्टी आपोआप थांबेल,’ एवढेच बोलून ते खाली बसले. त्यांची तीन मिनिटे पुरती संपलीही नव्हती. माझ्या नोकरीत असे दोनदा घडले. ती आठवण निवृत्तीबरोबर संपत नाही.

या निमित्ताने आपल्याकडच्या ‘शांतता क्षेत्रा’ची आठवण होते. आपल्या २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचे किमान १०० मीटर अंतर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येते, आणि ते लोकांना कळावे म्हणून आपण एक फलक लावतो. फलकाखालीच रिक्षावाला हॉर्न दाबतो, कारण त्याच्या पुढे दुचाकी आडवी आलेली असते आणि हॉर्नशिवाय ती हटणार नसते. त्याला नुसता दोष देऊन भागणार नाही. ज्या कामासाठी तो हॉर्न वाजवतो ते काम दुसऱ्या कशाकडे, मग तो पदपथ असो, वळणाची बंदी असो किंवा नीट आखलेला चौक असो, सोपवल्याखेरीज फलक नुसता फलकच राहतो. इथल्या नियमात फलकही आहे. पण तो गाडीवाल्याला ‘इथे गाडी शिट्टी देणार नाही’ एवढे सांगण्यासाठी, म्हणजे सावध राहा हे सांगण्यासाठी. आणि इतके करूनही रुळावर माणूस, जनावर वा अडकलेले वाहन दिसले तर चालकाने शिट्टी वाजवावी, याची मुभा इथल्या शिट्टीबंदीच्या पट्ट्यातही कायम असते. आमच्या नातीला ते समजावून सांगितले, तेव्हा तिला ते पटले. मोठ्यांच्या सभेत मात्र त्यावरही वाद झाला.

आपल्याकडे ब्रॉडगेज मार्गांवरची सर्व मानवरहित फाटके २०१९ च्या जानेवारीअखेर बंद झाली, हेही त्या संदेशाच्या लेखकाला माहीत नसावे. ती बंद होण्यापूर्वी ‘सी/फा’ म्हणजे ‘सीटी/फाटक’ असा पिवळा फलक दिसताच फाटक ओलांडेपर्यंत शिट्टीवरचा हात काढायचा नाही, ही आमची शिस्त होती, वळणापलीकडे बैलगाडी आहे की नाही हे आम्हाला दिसत नसे, आणि बैलगाडीवाल्यालाही आम्ही दिसत नसू. आता जिथे उड्डाणपूल किंवा भुयारी मार्ग झाला तिथे फाटकाची शिट्टी आपोआप गेली, त्यासाठी कोणाला बंदीचा ठराव करावा लागला नाही. मुंबईजवळच्या दिवा स्थानकासारख्या ठिकाणी फाटक आहे तोवर लोकल आणि रस्ता दोघांचाही खोळंबा होतो आणि शिट्टीही वाजते.

इथल्या नगर परिषदेने दुभाजक पुन्हा पूर्ण लांबीचा करायचे आणि गोदामाची वाट मागच्या रस्त्याकडे वळवायचे तत्त्वतः मान्य केले आहे. गोदामाच्या मालकाची हरकत आहे, ती पुढच्या महिन्याच्या सभेत ऐकली जाईल. त्यानंतर काम, मग पाहणी, आणि रेल्वेला सूचना दिल्यावर किमान २१ दिवस थांबणे, असा क्रम असल्याने शिट्ट्या थांबायला अजून बराच अवधी आहे. माझे परतीचे तिकीट त्याच्या आधीचे आहे. रात्री दोन-चाळीसची गाडी कालही वेळेवर होती.

आपला,
एक निवृत्त लोको पायलट, भुसावळ
(सध्या मुक्काम टेक्सास)