'पीव्हीसीमुक्त' अल्बमच्या पानांबद्दल तक्रार (आता शेवटची)

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : नाण्यांच्या अल्बमच्या पानांमुळे खराब झालेले अमेरिकन रेल्वे व सिनेमाचे जाहिरात-बिल्ले

महोदय,

तुमच्या हेल्पलाइनवरच्या माणसाने आत्ताच फोन ठेवला. ठेवण्याआधी 'आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल' हे विचारायला मात्र तो विसरला नाही. गुण या पत्रात देतो.

अल्बम कोणता ते तुम्हाला सांगायला नको. खोक्यावर सोनेरी अक्षरांत 'संग्रहालय दर्जा', त्याखाली 'पीव्हीसीमुक्त पाने' (म्हणजे पीव्हीसी हे प्लास्टिक नसलेली) आणि मागच्या बाजूला 'नाणी, पदके व टोकन यांसाठी' असं छापलेला, तोच. 'टोकन' हा शब्द तुमच्याच खोक्यावर आहे, एवढं ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

त्यात मी काय ठेवलं होतं ते सांगतो, कारण तुमच्या माणसांना ते ऐकून घ्यायला वेळ नव्हता. मी रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालो. मुलगी अमेरिकेत ओमाहाला असते. युनियन पॅसिफिक रेल्वेचं मुख्यालय त्या गावात आहे. तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांतून ती माझ्यासाठी रेल्वेचे जाहिरात-बिल्ले, म्हणजे नाण्यासारखी टोकनं, जमवते. पहिला १९३४ चा 'लकी पीस', म्हणजे शुभ म्हणून खिशात बाळगायचा बिल्ला. युनियन पॅसिफिकने त्या साली एम-१०००० नावाची तीन डब्यांची अॅल्युमिनियमची गाडी काढली, पुलमनच्या कारखान्यात बांधलेली, पिवळी आणि तपकिरी. देशभर फिरवून ती शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात उभी केली, आणि जाहिरातीसाठी अॅल्युमिनियमचेच बिल्ले काढले. गाडी ज्या धातूची, त्याच धातूचा तुकडा माणसाच्या खिशात, ही त्या जाहिरातीची गंमत. गाडी १९४१ च्या अखेरीस सेवेतून काढली आणि युद्धासाठी धातू हवा म्हणून वितळवली. म्हणजे गाडी गेली आणि हे बिल्ले तेवढे उरले. महायुद्धातून वाचलेला त्यातला एक तुमच्या अल्बममध्ये एक पावसाळा काढू शकला नाही.

दुसरा १९३९ चा, सेसिल बी. डिमिलच्या 'युनियन पॅसिफिक' या सिनेमाच्या जाहिरातीचा. बार्बरा स्टॅनविक आणि जोएल मॅक्री यांचा हा सिनेमा. १८६९ साली युटामध्ये पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ जोडले गेले, त्याला सत्तर वर्षं झाल्याचं निमित्त साधून तो आणला आणि पहिला खेळ ओमाहातच लावला. सिनेमावाले आणि रेल्वेवाले एकमेकांच्या खांद्यावरून जाहिरात करत होते, म्हणून रेल्वेवाला आणि सिनेमावाला असे दोघेही संग्राहक हा बिल्ला शोधत असतात. तिसरा शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या शंभरीचा, १९४८ चा, ब्राँझचा.

पावसाळ्यानंतर अल्बम उघडला तर आधी वास आला, नव्या रेक्झिनच्या पिशवीला येतो तसा. ब्राँझच्या बिल्ल्यावर हिरवट चिकट साय. इंजिनाच्या धुराड्यापासून चाकांपर्यंत सगळी नक्षी त्याखाली. नखाने कडेला हलकं ढकललं तर ती साय तार धरून ओढली गेली. लकी पीसवर पांढरट डाग आणि डागाखाली बारीक खड्डे. साय काढता येते, शुद्ध अॅसिटोनमध्ये बुडवून ठेवली की सुटते. खड्डे कोण भरून देणार?

हे कशामुळे होतं ते तुम्हाला माहीत आहे. माहीत नसतं तर तुम्ही खोक्यावर 'पीव्हीसीमुक्त' छापलंच नसतं. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं, उष्णतेने आणि उजेडाने पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड सुटतं, आणि ओलाव्यात त्याचं आम्ल होतं. तांब्याच्या मिश्रधातूवर ते हिरवं उठतं. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचं जे पातळ कवच असतं, ते क्लोराइड फोडतं आणि मग खालचा धातू खातं. वर्कशॉपात आयुष्य गेलेल्या माणसाला हे पुस्तकातून वाचावं लागत नाही.

तरीही खात्री करून घेतली. गॅसच्या निळ्या ज्योतीत तांब्याची तार रंग दिसेनासा होईपर्यंत तापवली, तुमच्या पानाच्या कोपऱ्याला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. हिरवीगार. प्लास्टिकमध्ये क्लोरीन असलं की ही ज्योत अशी हिरवी होते. तार साफ करून जुन्या मायलरच्या (म्हणजे पॉलिएस्टरच्या, त्यात क्लोरीन नसतं) पाकिटाला लावली, ज्योत निळीच्या निळी. या प्रयोगाचा व्हिडिओ मी तुम्हाला पाठवला. तुमचं उत्तर आलं : 'पीव्हीसीमुक्त हा उल्लेख मुखपृष्ठासंबंधी आहे.' साहेब, खोक्यावर 'पीव्हीसीमुक्त पाने' लिहिलंय. पाने! मुखपृष्ठात बिल्ले कोण ठेवतं?

आता आजच्या फोनबद्दल. तो जसा झाला तसा लिहितो, कारण 'गुणवत्तेसाठी' तुम्ही तो रेकॉर्ड केलाच असेल.

"सर, डॅमेज झालंय ते कॉइन आहे का?"

"नाही, टोकन आहे. जाहिरातीचं."

"ओके सर. म्हणजे कॉइन नाही."

"तुमच्या खोक्यावर टोकन लिहिलंय."

"हो सर. त्याची फेस व्हॅल्यू किती?"

"त्याला फेस व्हॅल्यू नसते."

"मग सर, सिस्टीममध्ये नुकसान झीरो दाखवतंय."

मी म्हटलं, बाजारात याला किंमत आहे, पावत्या आहेत. तो म्हणाला, "सर, फुकट वाटलेल्या वस्तूची पावती कशी असेल?" हे बोलताना आपण मोठं कोडं सोडवलं असा त्याचा सूर होता. म्हटलं, नव्वद वर्षांपूर्वी फुकट वाटली असेल, माझ्या मुलीला दुकानात डॉलर मोजावे लागले. यावर गप्प. पलीकडे कीबोर्डचा आवाज. मग एकदम आपुलकीने, "सर, पर्सनली सांगू का? चिंच आणि मीठ लावून घासा. आमच्याकडे देवाची भांडी तशीच लख्ख होतात."

मी काही बोलू शकलो नाही. संग्राहकांच्या वस्तूंचे अल्बम विकणाऱ्या कंपनीचा माणूस मला बिल्ला चिंचेने घासायला सांगतो! घासलेल्या बिल्ल्याचा मूळ पृष्ठभाग कायमचा जातो, किंमतही जाते, हे शाळकरी नाणेसंग्राहकालाही कळतं. तुमच्या प्रशिक्षणात कदाचित देवाच्या भांड्यांचं वेगळं प्रकरण असेल. नंतर आलेल्या वरिष्ठ बाईंनी तर हद्द केली. म्हणाल्या, "सर, बाहेरच्या देशातल्या वस्तूंना आपलं हवामान सूट होत नाही." एम-१०००० च्या भावंडाला मुंबईची हवा सोसली नाही म्हणे! मग तुमचा अल्बम कुठल्या देशाच्या हवामानासाठी बनवता? विकता तर इथेच.

शेवटी मला पुढच्या खरेदीवर १० टक्के सवलतीचं कूपन देऊ केलं. म्हणजे ज्या पानांनी बिल्ले खाल्ले तीच पानं मी पुन्हा घ्यायची, जरा स्वस्तात. आणि पुन्हा सांगतो, खोक्यावर 'पाने' लिहिलंय, मुखपृष्ठ नव्हे.

तुमची कंपनी नवी होती तेव्हापासून मी तुमची पाकिटं वापरतोय. आमच्या नाणेमंडळात तुमचं नाव मीच सांगितलं. ती जुनी पाकिटं अजून स्वच्छ आहेत, म्हणून जास्त वाईट वाटतं. चांगलं बनवता येत होतं आणि तुम्ही ते सोडलं. मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा ब्राँझचा बिल्ला आणि तांब्याची तार दोन्ही घेऊन जाणार आहे. ज्यांच्याकडे तुमचा अल्बम असेल त्यांनी एकेक पान आणावं असं कळवलं आहे.

मला हवं ते एवढंच : अल्बमची पूर्ण रक्कम परत, तिन्ही बिल्ल्यांची भरपाई, आणि 'पीव्हीसीमुक्त' छापलेली सगळी खोकी बाजारातून मागे. शेवटचं माझ्यासाठी नाही, ज्यांनी अजून अल्बम उघडून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने मी राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते आणि एवढ्या रकमेच्या खरेदीला शुल्कही नाही. निवृत्त माणूस आहे, वेळ भरपूर आहे.

गुण : शून्य. तुमच्या सिस्टीमला तो आकडा ओळखीचा आहे.

आपला,
एक जुना ग्राहक

ता. क. खराब पानं घ्यायला माणूस पाठवा. कुरिअरचा खर्च मी करणार नाही. एक पान मात्र माझ्याकडेच ठेवतोय, आयोगापुढे ज्योत दाखवायला लागेल.