टॉर्क आर्म जखडू नका

महोदय,

शाफ्टवर चढणारा गिअरबॉक्स घेतला की वेगळा पाया आणि कपलिंगची कटकट जाते, हे खरे. पण टॉर्क आर्मकडे, म्हणजे गिअरबॉक्स फ्रेमला जोडणाऱ्या दांड्याकडे, दुर्लक्ष होते. गिअरबॉक्सला फिरू न देणे एवढेच त्याचे काम. हा आर्म फ्रेमला वेल्ड करून जखडला, तर शाफ्टचा किंचित रनआउटही (फिरताना होणारी डगमग) थेट बेअरिंगवर येतो, मग सीलही गळते. दोन्ही टोकांना पिन किंवा रबर बुश हवेच. आर्म शक्यतो ताणाखाली राहील अशा बाजूला लावावा. बसवण्याची दिशा बदलली की ब्रीदरची (हवा बाहेर सोडणाऱ्या बुचाची) जागा आणि तेलाची पातळीही बदलते. हे सर्रास विसरले जाते! चढत्या कन्व्हेयरवर बॅकस्टॉप (उलटे फिरणे रोखणारा भाग) असेल, तर मोटर कोणत्या दिशेने फिरते ते मोटर-गिअरबॉक्समधले पट्टे चढवण्याआधी तपासावे. उलटी फिरली तर बॅकस्टॉपच मोडतो.

– एक देखभाल अभियंता